ऑगस्टमधली गुणतालिका

१९६३च्या जानेवारीत इंग्लंड अक्षरशः गोठलं होतं. मैदानं दगडासारखी झाली होती आणि शनिवारमागून शनिवार सामने रद्द होत होते. क्लबांचं नुकसान होत होतंच, पण खरा जीव टांगणीला लागला होता तो फुटबॉल पूल्सवाल्यांचा. दर आठवड्याला लाखो लोक कूपन भरून कुठले सामने बरोबरीत सुटतील यावर पैसे लावत. सामनेच नाहीत तर कूपन कसलं भरणार? पूल्सच्या कंपन्यांनी मग अफलातून तोडगा काढला. २६ जानेवारीला लंडनच्या कॉनॉट रूम्समध्ये त्यांनी एक समिती बसवली. अध्यक्ष लॉर्ड ब्रॅबझन; सोबत टॉम फिनी, टॉमी लॉटन, टेड ड्रेक, जॉर्ज यंग हे एकेकाळचे नामवंत खेळाडू आणि आर्थर एलिस हे पंच. या मंडळींनी बंद दाराआड चर्चा केली आणि न झालेल्या सामन्यांचे निकाल जाहीर केले. इथे यजमान जिंकले, तिथे पाहुणे, अमुक सामना बरोबरीत. त्या निकालांवर बक्षिसं वाटली गेली.

या समितीचं भाकीत चुकणं शक्यच नव्हतं, कारण पडताळायला सामनाच नव्हता. बाकीच्या भविष्यवेत्त्यांना ही सोय नाही असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती आहे. दर ऑगस्टमध्ये प्रीमियर लीगचा मोसम सुरू होण्याआधी वर्तमानपत्रं आणि वाहिन्या माजी खेळाडूंना बसवून वीस क्लबांची गुणतालिका पहिल्यापासून विसाव्यापर्यंत मांडून घेतात. मे महिन्यात ती कोणी उघडून बघत नाही. बघितलीच तर हसण्यापुरती. पुढच्या ऑगस्टला पुन्हा तीच माणसं, तेवढ्याच ठामपणे.

भाकितं चुकतात ही माझी तक्रार नाही. वीस क्लबांचा क्रम लावणं हाच मुळात अंदाजाचा सर्वांत फुकट जाणारा वापर आहे, ही तक्रार आहे. फुटबॉलमधल्या अंदाजामागचं गणित चांगलं भक्कम आहे. पण त्याची खरी ताकद पुढचं सांगण्यात नाही, घडून गेलेलं नीट वाचण्यात आहे. समोरच्या गुणतालिकेवर किती विश्वास ठेवायचा, हे ते गणित सांगतं. ज्या मालकांना हे उमगलं त्यांनी छोटे क्लब मोठे केले. ज्यांना नाही उमगलं ते नाताळाच्या आत मॅनेजर बदलतात.

आधी सोपा भाग उरकून घेऊ. गुणतालिकेची दोन टोकं बऱ्यापैकी सांगता येतात आणि त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. क्लबांचं पगारपत्रक पुरतं. सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांनी २००९मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात हे आकडेवारीनिशी दाखवलं: अनेक वर्षांची सरासरी घेतली की कुठला क्लब कितवा राहणार हे तो खेळाडूंना किती पगार देतो यावर जवळपास ठरतं. प्रीमियर लीग १९९२मध्ये सुरू झाली. २०२५पर्यंतच्या ३३ मोसमांत विजेतेपद फक्त सात क्लबांकडे गेलं. खालच्या टोकालाही तेच. २०२३मध्ये बढती मिळून वर आलेले लुटन, बर्नली आणि शेफील्ड युनायटेड तिघेही वर्षभरात परत खाली गेले. पुढच्या मोसमात लेस्टर, इप्सविच, साउदॅम्प्टन यांचंही तेच झालं. साउदॅम्प्टनने ३८ सामन्यांत १२ गुण मिळवले. एप्रिल उजाडतो न उजाडतो तोच, सात सामने बाकी असताना त्यांचा निकाल लागला होता.

इथे जाणकार वाचक मला अडवेल. २०२४-२५मध्ये मँचेस्टर युनायटेड पंधरावा आला आणि टॉटनहॅम सतरावा. दोघेही पगाराच्या यादीत कुठल्या कुठे वर. मग पगाराचा नियम गेला कुठे? कुठेही गेला नाही. तो दहा वर्षांच्या सरासरीबद्दल आहे, एका मोसमाबद्दल नाही. आणि ऑगस्टमध्ये आपल्याला हवं असतं ते नेमकं एका मोसमाचं उत्तर. भारतीय हवामान खाते एप्रिलमध्ये पावसाचा अंदाज देतं तो दीर्घकालीन सरासरीच्या इतके टक्के, अधिक-उणे पाच, असा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मोहोळ तालुक्यात किती पडेल हे कोणी त्यांना विचारत नाही. फुटबॉलवाल्यांना मात्र आपण तालुक्यांचा क्रम मागतो.

हा क्रम लागत का नाही? कारण फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात. क्रिकेटमध्ये तीनशे चेंडू, शेकड्याने धावा. एखादा चुकीचा निर्णय त्यात विरघळून जातो. फुटबॉलमध्ये एका सामन्यात सरासरी पावणेतीनच्या आसपास गोल. २०२३-२४ हा गोलांचा सुकाळ मानला गेला, ३८० सामन्यांत १,२४६. तरी ते सामन्याला सव्वातीनच झाले. घटना जितकी विरळ तितका नशिबाचा वाटा मोठा.

ही गोष्ट सगळ्यांत आधी वहीत उतरवली ती चार्ल्स रीप या विक्षिप्त माणसाने. रीप रॉयल एअर फोर्समध्ये हिशेबनीस होता. १८ मार्च १९५० रोजी स्विंडन टाउन आणि ब्रिस्टल रोव्हर्स यांचा सामना बघताना यजमानांचा रटाळ खेळ त्याला असह्य झाला. मध्यंतरानंतर त्याने वही-पेन्सिल काढली आणि प्रत्येक चढाई, तिच्यातला प्रत्येक पास खुणांनी टिपायला सुरुवात केली. पुढे अनेक दशकं तो हेच करत राहिला. अंधारात लिहिता यावं म्हणून खाणकामगाराचं दिव्याचं शिरस्त्राण घालून हा गृहस्थ प्रेक्षकांत बसायचा. १९६८मध्ये बर्नार्ड बेंजामिन यांच्यासोबत त्याने संख्याशास्त्राच्या नियतकालिकात निबंध लिहिला. मुख्य निष्कर्ष असा की एका गोलमागे साधारण नऊ-दहा फटके लागतात आणि ते कधी लागू पडतील हे बहुतांशी योगायोगावर असतं. इथपर्यंत बरोबर होतं. पण तीनपेक्षा जास्त पासांच्या चढायांतून गोल कमी होतात, म्हणून चेंडू लांब भिरकावून द्यावा, असा उपदेशही रीपने केला. बहुतेक चढाया तशाही तीन पासांच्या आतच संपतात, त्यामुळे गोलही तिथलेच जास्त दिसणार, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. इंग्लिश फुटबॉलने या उपदेशापायी पुढची कित्येक वर्षं चेंडू आभाळात ठेवला. आकडे बरोबर आणि अर्थ चुकीचा, हा रोग तेव्हापासूनचा आहे.

पुढे गणित सुधारलं. १९८२मध्ये मायकल माहेर यांनी प्रत्येक संघाला दोन आकडे दिले, एक आक्रमणाचा, एक बचावाचा, आणि त्यांवरून कुठल्या सामन्यात किती गोल होण्याची शक्यता किती, हे काढलं. १९९७मध्ये मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स यांनी त्यात दुरुस्त्या केल्या: शून्य-शून्य, एक-एक अशा कमी गोलांच्या निकालांसाठी वेगळी तजवीज, आणि जुन्या सामन्यांपेक्षा ताज्या सामन्यांना जास्त वजन. त्यानंतर ‘एक्सपेक्टेड गोल्स’ आलं. फटका कुठून, कुठल्या कोनातून, पायाने की डोक्याने मारला, यावरून तो गोलात जाण्याची शक्यता मांडायची आणि बेरीज करायची. आज जे कुठलं ‘सुपरकॉम्प्युटर’ भाकीत बातम्यांत येतं त्याच्या पोटात थोड्याफार फरकाने हीच यंत्रणा असते. उरलेला मोसम हजारो वेळा खोटा खोटा खेळवायचा आणि कोण कितव्यांदा कितवा आला ते मोजायचं.

एक हिशेब वाचकालाही करता येईल. मधल्या फळीतला एखादा संघ धरा. दर सामन्याला जिंकण्याची शक्यता ४० टक्के, बरोबरीची २५, हरण्याची ३५. संघ तोच, खेळ तोच, फक्त नशिबाची चढउतार. ३८ सामन्यांनंतर त्याच्या गुणांत निव्वळ योगायोगाने साधारण आठ गुणांचा फरक इकडे किंवा तिकडे पडू शकतो, आणि तो काही दुर्मीळ नसतो. तीनपैकी एका मोसमात याहूनही जास्त पडतो. आता २०२४-२५ची गुणतालिका काढा. ब्रेंटफर्ड ५६ गुणांवर दहावा. आठ गुण वाढवले तर आठवा, आठ कमी केले तर थेट एव्हर्टनच्या बरोबरीला, तेराव्या जागेच्या आसपास. म्हणजे देवाने येऊन प्रत्येक संघाची खरी ताकद ऑगस्टमध्ये कानात सांगितली, तरी आठवा आणि तेरावा यांत निवड करता येणार नाही. मग माजी बचावपटूंनी ‘मी ब्राइटनला नववा ठेवतो, फुलहॅमला दहावा’ असं कपाळाला आठ्या घालून सांगण्यात काय हशील?

त्याच मोसमाचा शेवटचा दिवस, २५ मे २०२५. अ‍ॅस्टन व्हिला ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडशी खेळत होता. पाचवी जागा मिळाली की चॅम्पियन्स लीग, आणि चॅम्पियन्स लीग म्हणजे कोट्यवधी पौंड. मध्यंतराच्या तोंडावर व्हिलाचा गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझ लाल कार्ड खाऊन बाहेर गेला. दहा जणांनी गोलशून्य बरोबरी धरून ठेवली होती. सत्तर मिनिटं उलटल्यावर युनायटेडच्या गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटला, मॉर्गन रॉजर्सने तो काढून घेतला आणि जाळ्यात ढकलला. पण चेंडू गोलरक्षकाच्या दोन्ही हातांत होता असं वाटून पंचांनी शिट्टी फुंकली होती, आणि चेंडू जाळ्यात जाण्याच्या आधी फुंकली होती. शिट्टी आधी वाजल्यामुळे व्हिडिओ पंचांना त्यात हात घालता येईना. दोन-तीन मिनिटांत युनायटेडने गोल केला, नंतर पेनल्टीवर दुसरा. तिकडे न्यूकॅसल आपला सामना हरला होता, म्हणजे व्हिलाला नुसती बरोबरी पुरली असती. दोघांचे गुण झाले ६६-६६. गोलफरकावर न्यूकॅसल पाचवा, व्हिला सहावा. ती शिट्टी दोन सेकंद उशिरा वाजली असती तर गोल तपासता आला असता. कुठल्या तज्ज्ञाने ऑगस्टमध्ये या दोन सेकंदांचा अंदाज केला होता?

‘मग लेस्टरचं काय?’ हा प्रश्न या विषयावर बोलताना कधी ना कधी येतोच. २०१५-१६मध्ये लेस्टर सिटीच्या विजेतेपदाचा भाव होता पाच हजारास एक, आणि लेस्टर ८१ गुणांनी विजेता झाला. भाकितांचा हा सर्वांत मोठा पराभव मानला जातो. मला तसं वाटत नाही. पाच हजारास एक हा कुणी मांडलेला हिशेब नव्हताच. तो आळसाचा भाव होता. कोणी मागणारच नाही अशा मालावर दुकानदार मनाला येईल ती किंमत चिकटवतो, तसला. हिशेब करायचा असता तर साधन समोर होतं. आधीच्या मोसमात २९ सामन्यांनंतर लेस्टरचे १९ गुण होते आणि सगळ्यांनी त्यांना खालच्या विभागात पोहोचवलं होतं. उरलेल्या नऊ सामन्यांतले त्यांनी सात जिंकले, २२ गुण मिळवले आणि चौदाव्या जागेवर राहिले. ताज्या सामन्यांना वजन देणाऱ्या कुठल्याही गणिताला हा संघ तळाचा वाटला नसता. विजेता वाटला असता असं मुळीच नाही. पण सरळ मधल्या फळीत बसला असता. त्यातच मॅनेजर नायजेल पिअरसन गेला आणि क्लॉडिओ रानिएरी आला. तो नुकताच ग्रीसचा राष्ट्रीय संघ सांभाळताना फॅरो आयलंड्सकडून हरला होता, म्हणून तज्ज्ञांनी नाकं मुरडली. एका सामन्यावरून माणूस मोजायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार.

आणि गंमत पुढे आहे. विजेतेपदानंतर दहा महिन्यांच्या आत लेस्टरने त्याच रानिएरीला काढलं. क्लब पुन्हा आपल्या नेहमीच्या जागेवर घसरत होता आणि मालकांनी ८१ गुणांच्या मोसमाला स्वतःची खरी पातळी मानलं होतं. ज्या योगायोगाने हात दिला तो कायमचा मुक्कामी आहे, अशी समजूत.

आता सुपरकॉम्प्युटरकडे. २०२४च्या ऑगस्टमध्ये ऑप्टा या आकडेवारीच्या कंपनीच्या गणिताने मँचेस्टर सिटीला विजेतेपदाची शंभरात ऐंशीच्या वर संधी दिली होती आणि लिव्हरपूलला पाचच्या आसपास. सिटीने सलग चार विजेतेपदं मिळवली होती, लिव्हरपूलचा युर्गन क्लॉप गेला होता, नवा मॅनेजर आर्ने स्लॉट इंग्लंडमध्ये नवखा, आणि उन्हाळ्यात त्या मोसमासाठी खरेदी म्हणाल तर एकटा फेडेरिको किएसा. लिव्हरपूल ८४ गुणांनी, दहा गुण राखून विजेता झाला. सिटीचा रोड्री सप्टेंबरमध्ये गुडघा जायबंदी होऊन बसला, आणि डिसेंबरअखेर एक वेळ अशी आली की तेरा सामन्यांत सिटीला एकच जिंकता आला. गणित हरलं, माणसं जिंकली, असा जल्लोष झाला.

पण शंभरात पाच म्हणजे ‘होणार नाही’ असं नव्हे. वीस वेळा असं म्हणा, सरासरीने एकदा ते व्हायला हवं. शेकडो वेळा म्हणून एकदाही झालं नाही तर म्हणणाऱ्याचं चुकलं. एका भाकितावरून भविष्यवेत्ता पास की नापास हे ठरत नाही. हे समजून घ्यायला आपल्याला इंग्लंडला जायची गरज नाही. २००८मध्ये पुण्यात जयंत नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि सुधाकर कुंटे यांच्या साथीने फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या, त्यातल्या चाळीस-चाळीस ज्योतिषांना पाठवल्या आणि विचारलं, यातली कुठली कोणाची? सत्तावीस जणांनी उत्तरं दिली. बरोबर आलेल्यांचं प्रमाण ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. त्या चाचणीतलं मोलाचं काय होतं, तर पद्धत. आधी लेखी उत्तर घ्या, संख्या मोठी ठेवा, मग मोजा. एकदा पत्रिका जुळली म्हणून शाबासकी नाही आणि एकदा चुकली म्हणून हेटाळणी नाही.

फुटबॉलच्या पंडितांना ही कसोटी कोणी लावत नाही, म्हणून त्यांच्यावर अन्यायही होतो. अ‍ॅलन हॅन्सनचं उदाहरण घ्या. १९ ऑगस्ट १९९५ला युनायटेड व्हिलाकडून ३-१ हरला, संघात कोवळी पोरं होती, आणि पोरांच्या जिवावर काही जिंकता येत नाही असं हॅन्सन बीबीसीवर म्हणाला. युनायटेडने त्या वर्षी लीग आणि एफए कप दोन्ही उचलले. तेव्हापासून हॅन्सनची थट्टा चालू आहे. अहो, पण पोरासोरांचे संघ खरोखरच क्वचित जिंकतात! त्याचा नियम ठीक होता. बेकहॅम, स्कोल्स, बट आणि नेव्हिल बंधू एकाच वेळी एकाच क्लबात उगवतात, हा अपवाद होता. मला हॅन्सनपेक्षा राग येतो तो दर वर्षी वेगळं भाकीत करून त्यातलं एखादं खरं ठरलं की तेवढंच मिरवणाऱ्यांचा.

ज्यांनी अंदाजावर खरोखर पैसे कमावले ते या जत्रेत कधी दिसलेच नाहीत. टोनी ब्लूम आणि मॅथ्यू बेनहॅम ही ती दोन नावं. ब्लूम पोकर खेळणारा, सट्ट्याचं गणित जाणणारा. बेनहॅम ऑक्सफर्डला भौतिकशास्त्र शिकलेला आणि काही काळ ब्लूमकडेच नोकरीला असलेला. दोघांनी सामन्यांच्या भावांतल्या चुका शोधून संपत्ती उभी केली आणि दोघांनी लहानपणापासूनचा लाडका क्लब विकत घेतला. ब्लूमने ब्राइटन, बेनहॅमने ब्रेंटफर्ड. ब्राइटन २०१७मध्ये प्रीमियर लीगमध्ये आला आणि २०२३मध्ये सहावा राहिला. ब्रेंटफर्ड ७४ वर्षांनी, २०२१मध्ये, वरच्या विभागात पोहोचला.

सट्टेबाजाला कोण जिंकणार हे कळावं लागत नाही. लोक जितकं समजतात त्यापेक्षा कोण जास्त वेळा जिंकेल, एवढं कळलं की पुरे. हाच चष्मा बेनहॅमने क्लबाच्या कारभारात घातला. ब्रेंटफर्डमध्ये खऱ्या गुणतालिकेशेजारी दुसरी एक तालिका ठेवत: दोन्ही बाजूंना मिळालेल्या संधी बघता कुणाला किती गुण मिळायला हवे होते त्याची, न्यायाची तालिका. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये थॉमस फ्रँक मॅनेजर झाला आणि पहिल्या दहापैकी आठ सामने हरला. दुसऱ्या कुठल्याही क्लबात त्याची बॅग भरून दाराशी ठेवली असती. ब्रेंटफर्डने ठेवला, कारण दुसरी तालिका सांगत होती की संघ इतका वाईट खेळत नाही. तीन वर्षांच्या आत त्याच फ्रँकने क्लब वर नेला. बेनहॅमचा हात नेहमी बरोबर पडला असंही नाही. २०१५मध्ये दुसऱ्या विभागात पाचव्या जागेवर आणणाऱ्या मॅनेजर मार्क वॉरबर्टनला त्याने जाऊ दिलं आणि त्याच्या जागी आणलेल्या मारिनस डाइकहाउझेनला आठ लीग सामन्यांत घरी पाठवलं. आकड्यांना माणसांतले ताणतणाव दिसत नाहीत, हे त्यालाही तेव्हा कळलं असावं.

लिव्हरपूलने क्लॉपला आणलं त्याची गोष्टही याच जातीची. डॉर्टमुंडमधला त्याचा शेवटचा मोसम, २०१४-१५, भयंकर गेला होता. हिवाळी सुट्टीच्या सुमारास संघ तळाला होता, शेवटी सातवा आला. निकालच बघणाऱ्याला वाटलं असतं, या माणसाची जादू संपली. लिव्हरपूलच्या विदा विभागाचा तेव्हाचा प्रमुख इयन ग्रॅहम केंब्रिजचा पदार्थविज्ञानाचा डॉक्टर. त्याने प्रत्येक सामना चाळला आणि सांगितलं की हा जर्मनीतला दुसऱ्या क्रमांकाचा संघ होता, फक्त कमनशिबी. पुढे क्लॉपला त्याने माइन्झविरुद्ध २-० हरलेला सामना तपशिलात समजावून सांगितला, तेव्हा त्या सामन्यात आपण हरायला नको होतं हे क्लॉपलाही जुनंच दुखणं होतं. इथे कोणी भविष्य सांगितलं नव्हतं. मागचा मोसम नीट वाचला होता, इतकंच.

आणि न वाचणं म्हणजे काय, याचा धडा थेट पुण्याहून गेला. नोव्हेंबर २०१०मध्ये वेंकीज समूहाने ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला; १९९५चा विजेता क्लब. कोंबड्यांच्या धंद्यातलं पुण्याचं नाव एकदम इंग्लंडच्या क्रीडापानांवर आलं. मॅनेजर सॅम अ‍ॅलर्डाइसचा संघ आधीच्या मोसमात दहावा होता आणि त्या वेळी तेरावा. मघाच्या हिशेबाने दहावा आणि तेरावा एकच. खेळ कुणाला आवडो न आवडो, तेवढ्या पैशांत तेवढ्या जागी राहणारा मॅनेजर मिळणं सोपं नसतं. महिना उलटायच्या आत, डिसेंबरमध्ये, त्याला काढून स्टीव्ह कीनला बसवलं. तो मोसम कसाबसा शेवटच्या दिवशी वाचला. पुढच्या वर्षी, मे २०१२मध्ये, घरच्या मैदानावर विगनकडून हरून क्लब खाली गेला, आणि त्या संध्याकाळी कोणीतरी ब्लॅकबर्नचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. २०१७मध्ये तर क्लब आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या विभागात गेला आणि वर्षाने परतला. २०१०च्या ऑगस्टमध्ये ज्या कुणी ब्लॅकबर्नला दहावा-बारावा ठेवलं त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या गणितात पुणे नव्हतं.

यावर एक आक्षेप मला मान्य आहे. टक्के, न्यायाची तालिका, अपेक्षित गोल हे सगळं घेऊन बसलं तर ऑगस्टची मजा जाते. मुंबई-पुण्यात शनिवारी संध्याकाळी साडेसातला टीव्हीपुढे बसणाऱ्यांना (आपण तीनच्या वेळचे इंग्लंडचे सामने बघतो, खुद्द इंग्लंडमध्ये ते प्रक्षेपित करायला बंदी आहे, ही एक वेगळीच मौज) आपला क्लब वर्षभर कुठल्या पट्ट्यात राहील हे ऐकायचं नसतं. आर्सेनल २०२३, २०२४, २०२५ असा सलग तीनदा दुसरा आला आणि दर ऑगस्टला त्याच्या मराठी भक्तांचं भाकीत एकच होतं. त्याला भाकीत म्हणूच नये. तो नवस आहे, आणि नवसाला टक्के लावायचे नसतात. माझं भांडण भक्तांशी नाही. पैसे घेऊन, टाय लावून, तोच नवस विश्लेषण म्हणून विकणाऱ्यांशी आहे. त्यात हे भाकीत होतं तेव्हा संघसुद्धा पुरे झालेले नसतात. २०२५मध्ये अलेक्झांडर इसाक साडेबारा कोटी पौंडांना न्यूकॅसलहून लिव्हरपूलला गेला तो १ सप्टेंबरला. तोवर मोसमाच्या तीन फेऱ्या उरकल्या होत्या.

तेव्हा कोणी मला ऑगस्टचं भाकीत मागितलंच, तर मी ते टक्क्यांत देईन आणि लेखी देईन. विजेता सर्वाधिक पगार देणाऱ्या पहिल्या पाच क्लबांतला असेल: शंभरात नव्वद. बढती मिळून आलेल्या तिघांपैकी निदान एक परत जाईल: तेवढेच, १९९२पासून २०२५पर्यंत तिघेही टिकले असं फक्त चारदा झालंय. आदल्या वर्षीच्या पहिल्या चारांपैकी एक तरी चारांबाहेर पडेल: शंभरात पंच्याऐंशी. पाचवा ते चौदावा या दहा क्लबांचा क्रम मी लावणार नाही. लावायचाच असेल तर चिठ्ठ्या टाका. नव्या वर्षाच्या आत दोन तरी मॅनेजर जातील, आणि त्यातला एक तरी नुसत्या नशिबाच्या फेऱ्यापायी जाईल; हे शेवटचं मात्र कुणाला सिद्ध करता येणार नाही.

या सगळ्यात एक भाकीत माझ्या कुठल्याच चौकटीत बसत नाही. सप्टेंबर २०२४मध्ये आर्सेनलकडून हरल्यावर टॉटनहॅमचा मॅनेजर अँज पोस्टेकोग्लू म्हणाला होता की दुसऱ्या वर्षी मी नेहमी काहीतरी जिंकतोच. लोकांनी टर उडवली. टॉटनहॅम लीगमध्ये ३८पैकी २२ सामने हरला. पण २१ मे २०२५ला बिलबाओमध्ये त्याने युनायटेडला १-० हरवून युरोपा लीग जिंकली, म्हणजे पंधराव्याने आणि सतराव्याने मिळून युरोपियन अंतिम सामना खेळला. पोस्टेकोग्लूचं म्हणणं शब्दशः खरं झालं. ६ जूनला क्लबाने त्याला काढलं, आणि आठवडाभरात त्याच्या जागी आणला तो ब्रेंटफर्डचा थॉमस फ्रँक. पहिल्या दहात आठ पराभव झाले तरी टॉटनहॅम त्याला ठेवेल, यावर मी एक पौंडही लावला नसता.